कॉमा सरांचा अहवाल

शाळेतली मुलं त्यांना कॉमा सर म्हणायची, आणि ते त्यांना ठाऊक होतं. निबंधात स्वल्पविराम राहिला की ते तिथे लाल शाईने एवढं मोठं वर्तुळ काढायचे, की खालच्या ओळीतला निर्दोष शब्दही त्यात सापडायचा. नावाचा त्यांना राग नव्हता. "फुलस्टॉप म्हणत नाहीत, हेच नशीब समज," असं ते बायकोला सांगायचे.

सव्वीस वर्षं ते त्याच शाळेत आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवत होते. माणूस नाकासमोर चालणारा. कधी उशिरा आले नाहीत, कधी वह्या तपासायच्या मागे ठेवल्या नाहीत. वर्गाच्या भिंतीवर त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेला बारा काळांचा तक्ता होता. मुलं तो घोकायची, गाळलेल्या जागा भरायची आणि परीक्षेत चांगले गुण आणायची. बोलण्याचं काय, असं कुणी विचारलंच तर सर म्हणायचे, "आधी पाया भक्कम होऊ दे. बोलणं मागाहून आपोआप येतं." स्वतः सरांना ते आलं होतं का, हे कधी कुणी विचारलं नाही. शाळेत इंग्रजीत बोलण्याची वेळच यायची नाही.

त्यांची एकुलती एक मुलगी, ठकू, त्याच शाळेत होती. आठवीत ती त्यांच्याच वर्गात बसायची, आणि ते वर्ष दोघांनाही जड गेलं. लेकीला सवलत देतात असं कुणी म्हणू नये म्हणून सर तिला जरा जास्तच प्रश्न विचारत, आणि ती उभी राहिली की तिच्या तोंडाला कुलूप लागे. कागदावर सगळं बरोबर लिहायची. बोलायला लावलं की पहिल्या शब्दानंतर बापाच्या चेहऱ्याकडे बघायची, तिथे भुवई हललेली दिसली की पुढचा शब्द गिळायची. घरी जेवतानाही तेच चालायचं. "अहो, तिचा घास तरी सरळ जाऊ द्या," असं बायको म्हणायची. सर म्हणायचे, "मी नाही सुधारणार तर कोण सुधारणार?"

ठकू नववीत गेली त्या वर्षीपासून इंग्रजीच्या तोंडी परीक्षेला वीस गुण ठेवले गेले, आणि संभाषण शिकवायला शाळेने एक तरुण शिक्षिका घेतली. नेमणूक एका वर्षाची होती. वर्ष संपताना विषयप्रमुखाचा अहवाल चांगला आला, तर पुढचं वर्ष मिळणार. विषयप्रमुख अर्थातच कॉमा सर. मुलं तिला नव्या बाई म्हणू लागली, आणि शिक्षकांच्या खोलीतही तेच नाव रूढ झालं.

पहिल्या दोन महिन्यांतच नववीच्या वर्गातून आवाज यायला लागला. शेजारच्या वर्गातले गणिताचे सर लेखी तक्रार घेऊन आले. "अहो, वर्ग आहे की बाजार? माझं त्रिकोणाचं प्रमेय तिकडच्या चपलांच्या भावात बुडतंय." म्हणून कॉमा सर एक दिवस तास बघायला गेले आणि मागच्या बाकावर बसले.

वर्गाच्या मधोमध दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवल्या होत्या. एकीवर एक मुलगा आणि दुसरीवर ठकू. दोघांनी हात कानाला लावले होते. टेलिफोनवर समोरच्याचं तोंड दिसत नाही, म्हणून खुर्च्या तशा. मुलगा होता चपलांचा दुकानदार, आणि ठकू गिऱ्हाईक. तिने घरी नेलेल्या खोक्यात दोन्ही बूट डाव्या पायाचे निघाले होते. ती तक्रार करत होती. दुकानदार म्हणत होता, चूक आमची नाही, तुमच्या पायाची असेल. वर्ग खिदळत होता. ठकू पटकन म्हणाली, मग उजवा पाय दुकानात ठेवून जाते, तुम्हीच सांभाळा. हे सगळं इंग्रजीत, मोडक्यातोडक्या, पण न थांबता. क्रियापदं सैरावैरा धावत होती, भूतकाळ वर्तमानात शिरत होता, आणि ठकू हसत होती.

सरांचा हात नकळत खिशातल्या लाल पेनाकडे गेला. लेकीला चारचौघांत इतकं बोलताना त्यांनी कधीच ऐकलं नव्हतं, इंग्रजीतच काय, मराठीतही नाही. आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्याच्या आधी मनात आलं, ही माझ्यासमोर का बोलत नाही?

तास संपल्यावर ते बाईंना म्हणाले, "चार मिनिटांत अकरा चुका झाल्या."

"मी पण मोजत होते, सर," बाई म्हणाल्या. "मला बारा सापडल्या."

"आणि एकही सुधारली नाहीत?"

"उद्या त्यातल्या दोन घेईन फळ्यावर, नाव न घेता. सगळ्या एकदम घेतल्या तर परवा बोलायला कुणी उठायचंच नाही."

"बाई, चुकीची सवय एकदा लागली की जन्मात सुटत नाही."

"न बोलायची सवयही लागतेच की, सर."

त्यांनी हे उद्धटपणे म्हटलं नव्हतं. पण सरांना ते लागलं.

घरी ठकू आता आरशासमोर उभी राहून बोलायची. कधी डॉक्टर व्हायची, कधी हरवलेली बॅग शोधणारी प्रवासी. एकदा सर दाराबाहेरून जाताना तिचं एक वाक्य त्यांच्या कानावर पडलं, "आय डिडंट गॉट". त्यांना राहवलं नाही. दार ढकलून ते म्हणाले, "डिडंट गेट! डिड आल्यावर पुढे मूळ रूप. किती वेळा सांगितलंय?" ठकू म्हणाली, "हो बाबा." त्यानंतर ती दाराला कडी लावून बोलू लागली.

हिवाळ्यात शाळा तपासायला बाहेरून एक अधिकारी बाई आल्या. बराच काळ परदेशी राहिलेल्या होत्या आणि इंग्रजीतच बोलत होत्या. नववीच्या वर्गात मुलांशी गप्पा मारून त्या वळल्या, आणि दाराशी उभ्या असलेल्या कॉमा सरांना त्यांनी सहज विचारलं, तुम्ही इथे किती वर्षं शिकवताय?

प्रश्न सोपा होता. याच प्रश्नाचं उत्तर सरांनी सव्वीस वर्षं मुलांकडून लिहून घेतलं होतं. सिन्स कुठे आणि फॉर कुठे, यावर त्यांचा एक आख्खा तास असायचा. कालावधी सांगायचा असेल तर फॉर; सिन्स घातलं की अर्धा गुण गेला. सर तोंड उघडून म्हणाले, "आय ॲम टीचिंग हिअर सिन्स ट्वेंटी-सिक्स इयर्स."

शब्द बाहेर पडले आणि त्यांचे त्यांनाच ऐकू आले. मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच "सिन्स" म्हणालं, कुणीतरी त्याला "श्शू" केलं. हसलं कुणीच नाही, आणि तेच जास्त झोंबलं. ठकू वहीत डोकं घालून बसली होती, कानाच्या पाळ्या लाल. अधिकारी बाईंनी काही दाखवलं नाही. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, सर मनातल्या मनात वाक्य जुळवायला लागले. कर्ता, क्रियापद, काळ. ते जुळेपर्यंत शांतता लांबली. तेव्हा नव्या बाई मध्ये आल्या. भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट करून सहज म्हणाल्या, की हा सरांनी स्वतः केलाय, मुलं अडली की आजही तिथेच बघतात, माझ्या तासाचा पाया हाच आहे. अधिकारी बाईंनी तक्त्याचं कौतुक केलं आणि वेळ निभावली.

बाईंनी त्यांना सांभाळून घेतलं होतं. एखादा शत्रू असता तर त्याने मजा बघितली असती, आणि त्याच्यावर रागावणं सोपं गेलं असतं. या उपकाराचं काय करायचं ते सरांना कळेना. रात्र रात्र झोप उडाली असं काही झालं नाही. पण शिक्षकांच्या खोलीत बाई समोर आल्या की ते वर्तमानपत्र उघडून बसायचे.

मार्चमध्ये अहवाल लिहायची वेळ आली. नियमाप्रमाणे काही वह्या नमुन्यादाखल बघायच्या होत्या. किती आणि कोणत्या, हे विषयप्रमुखाने ठरवायचं. नववीत एक्केचाळीस मुलं होती. सरांनी सगळ्या वह्या मागवल्या, चाळल्या आणि त्यातून बारा बाजूला काढल्या. त्या बारा सगळ्यात कच्च्या मुलांच्या होत्या. बाकीच्या एकोणतीस, ठकूची धरून, त्यांनी परत पाठवल्या. मग टेबलाशी बसून त्यांनी इंग्रजीत लिहिलं, की तपासलेल्या वह्यांमध्ये प्रत्येक पानावर सरासरी नऊ चुका आढळल्या. तासाला गोंगाट असतो, आणि तशी लेखी तक्रार आहे. चुका जागच्या जागी सुधारल्या जात नाहीत, आणि हे शिक्षिकेने स्वतः मान्य केलं आहे.

एकही वाक्य खोटं नव्हतं. ते त्यांनी पुन्हा पुन्हा वाचून बघितलं. मुलं बोलायला लागली आहेत, एवढं एक वाक्य मात्र त्यात नव्हतं.

अहवाल त्यांनी शाळेत दिला; कच्चा मसुदा घरीच राहिला होता. जुन्या कागदाची कोरी बाजू वाया घालवायची नाही, ही घरातली शिस्त. चार दिवसांनी ठकूने गणित सोडवायला ढिगातून एक कागद ओढला, उलटून बघितला आणि बापाचं अक्षर ओळखलं. सर व्हरांड्यात पेपर तपासत बसले होते. ती कागद घेऊन समोर उभी राहिली.

"बाबा, आमच्या वर्गात एक्केचाळीस मुलं आहेत."

"मग?"

"तुम्ही बाराच वह्या बघितल्यात. त्या बारा कुणाच्या ते मला माहितीये. परत आल्या नव्हत्या ना, सगळी विचारत होती."

"नमुना म्हणून थोड्याच बघायच्या असतात. मोठ्यांच्या कामात..."

"माझी का नाही घेतली?"

सरांनी पुढचा पेपर ओढला.

"माझी घेतली असती तर चांगलं लिहावं लागलं असतं," ठकू म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "त्या दिवशी तुमचं चुकलं ना, तेव्हा बाई नंतर वर्गात काय म्हणाल्या माहितीये? म्हणाल्या, बोलणाऱ्याचंच चुकतं. सर बोलले म्हणून चुकलं. यावर कुणी हसलं तर माझ्याशी गाठ आहे."

तिने कागद टेबलावर ठेवला आणि आत गेली. स्वयंपाकघरातून बायको सगळं ऐकत होती. ती बाहेर आली, चष्मा पुसला आणि म्हणाली, "उद्या जा आणि तो कागद परत मागा. अजून काही बिघडलेलं नाही."

सर म्हणाले, "जातो."

पण ते दुसऱ्या दिवशी गेले नाहीत. दिलेला अहवाल परत मागायचा म्हणजे कारण सांगावं लागणार. काय सांगायचं? वह्या पुन्हा बघायच्यात म्हणावं, तर मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, विचारणार, पहिल्यांदा नीट बघितल्या नव्हत्या का? सव्वीस वर्षांत माझ्या एका सहीवर कुणी शंका घेतली नाही. तिसऱ्या दिवशी मोठ्या बाई बाहेरगावी होत्या, तेव्हा त्यांना बरंच वाटलं. पाचव्या दिवशी ते मुख्याध्यापिकांच्या दारापर्यंत गेले आणि आत कुणीतरी बसलंय असं बघून वळले. घरी बायको विचारायची, "गेला होतात?" सर म्हणायचे, "आज जमलं नाही." ठकू काहीच विचारायची नाही. विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायची, तेही सरळ आणि शुद्ध.

नवव्या दिवशी ते गेले.

मोठ्या बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सर, परवाच पत्र गेलं तिला. नवीन नेमणूकही झाली."

"पण मी म्हणतोय ना, की माझ्याकडून अन्याय झाला. मी वह्या निवडून घेतल्या."

"आठवडाभर आधी म्हणाला असतात तर तुमच्या देखत फाडला असता. तुमचं लिहिलेलं मी कधी दोनदा वाचत नाही." त्यांनी समोरची फाईल मिटली. "मला वाईट वाटतंय. तिच्यासाठी, आणि तुमच्यासाठीही. पण आता माझ्या हातात काही नाही."

शेवटच्या दिवशी नव्या बाई कपाटाची किल्ली द्यायला आल्या. शिक्षकांच्या खोलीत दोघंच होते. त्यांनी यादीप्रमाणे पुस्तकं मोजून दिली, सही घेतली, पर्स खांद्याला लावली.

"सर, मोठ्या बाईंनी मला अहवाल वाचायला दिला होता," त्या म्हणाल्या. "मी फार शोधलं, पण त्यात एकही चूक नाही. इंग्रजीची म्हणते."

सर उभे राहिले. माफी मागायची होती. त्यासाठी इंग्रजीची गरज नव्हती, समोर काळांचा तक्ता नव्हता, कुणी अधिकारी नव्हतं. चार साधे मराठी शब्द हवे होते. ते जुळवत राहिले, कुठून सुरुवात करावी, आधी वह्यांचं सांगावं की तपासणीच्या दिवसाचं. तोवर बाई "येते" म्हणून निघून गेल्या. जिन्यावरच्या चपलांचा आवाज खालपर्यंत ऐकू आला.

पुढच्या वर्षी दहावीचं संभाषण सरांनी स्वतःकडे घेतलं. खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवल्या. मुलं येऊन बसली, कानाला हात लावले, आणि प्रत्येक वाक्यानंतर मान वळवून सरांच्या तोंडाकडे बघू लागली. सरांनी भुवई हलू द्यायची नाही असं ठरवलं होतं. ते खिडकीबाहेर बघत राहायचे. तरी मुलं थांबायचीच. लेखी परीक्षेत वर्ग नेहमीसारखा वर आला. तोंडीत वीसपैकी वीस एकटीलाच मिळाले, ठकूला. तिने गुणपत्रिका आईच्या हातात दिली.

मग ती शिकायला दूरच्या शहरात गेली. फोन यायचा तो आईसाठी. सरांना आधी राग यायचा, मग सवय झाली.

चार वर्षांनी बायकोच्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला आणि तिला घेऊन सर डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्यात गेले. स्वागताच्या काउंटरवर फोनवर बोलत एक बाई बसल्या होत्या. पलीकडचं माणूस परभाषेतलं असावं. बाई संथ, सोप्या इंग्रजीत त्याला धीर देत होत्या, की घाबरू नका, पट्टी उद्या निघेल. फोन ठेवून त्यांनी वर बघितलं. नव्या बाईच होत्या. केसांत थोडं पांढरं आलं होतं.

"सर," त्या म्हणाल्या. "यांना दाखवायचंय का? नाव सांगा."

सरांनी नाव सांगितलं नाही. ते म्हणाले, "मी त्या बारा वह्या मुद्दाम निवडल्या होत्या. सगळ्यात वाईट. तुम्ही चांगलं शिकवत होतात आणि ते मला सोसलं नाही. माझं चुकलं."

मागे रांगेत तीन माणसं उभी होती. एकाने घसा खाकरला. बायकोने सरांच्या बाहीला हात लावला, पण ओढलं नाही.

बाईंनी समोरची नोंदवही बाजूला सारली. "मी पाच शाळांत अर्ज केले," त्या म्हणाल्या. "सगळीकडे मागच्या शाळेचा अहवाल मागतात. मग इथे लागले."

"मी आता लिहून देतो. नवीन. खरं काय ते. आजच देतो."

"आता कशाला, सर? इथे मुलं नाहीत एवढंच. बाकी चाललंय." त्यांच्या आवाजात कडवटपणा नव्हता, आणि मायाही नव्हती. "मी विसरले असं म्हणणार नाही, खोटं होईल ते. तुम्ही आलात, बोललात, बरं झालं. आता बसा. नंबर आला की मी हाक मारते."

ते जाऊन बसले. तासाभराने हाक आली. बाईंनी बायकोला हात धरून आत नेलं, पायरीपाशी "सांभाळून हं" म्हणाल्या, आणि परत आपल्या जागेवर येऊन बसल्या. सरांकडे त्यांनी पुन्हा पाहिलं नाही.

घरी आल्यावर सरांनी त्याच संध्याकाळी पत्र लिहिलं, एक्केचाळीस मुलांचं, आणि बायकोच्या पुढच्या तपासणीला जाताना नेऊन दिलं. बाईंनी पाकीट घेतलं, "ठेवते" म्हणाल्या आणि खणात टाकलं. त्यांनी ते उघडलं की नाही, हे सरांना कधीच कळलं नाही.

शस्त्रक्रियेनंतरच्या रविवारी ठकूचा फोन आला तेव्हा बायकोच्या डोळ्याला पट्टी होती, म्हणून सरांनी उचलला. ठकू म्हणाली, "आईला द्या." सर म्हणाले, "देतो. आधी एक सांगायचंय." आणि त्यांनी सांगितलं. दवाखाना, रांग, त्यांनी काय म्हटलं, बाई काय म्हणाल्या, पाच शाळा, सगळं. स्वतःच्या बाजूचं काही घातलं नाही. सांगताना दोनदा अडखळले, एकदा वाक्य अर्धंच राहिलं.

 

"शिकवत नाहीत आता त्या?" ठकूने विचारलं.

"नाही."

"अजिबात?"

"अजिबात नाही."

ती रडतेय की काय, ते त्यांना कळेना. मग ती म्हणाली, "बाबा, द्या आईला." सरांनी फोन बायकोच्या हातात दिला, आणि तिला अंधुक दिसत होतं म्हणून तो नीट तिच्या कानाला लागेपर्यंत तिथेच उभे राहिले.